घाटापलीकडचं गिऱ्हाईक

मार्च उजाडला की देवगडच्या बागायतदाराचा फोन थांबत नाही. मागच्या वर्षीची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी करू लागतात, ती आपल्या सोसायटीत नंबर देतात, त्यातून आणखी चार पेट्या जातात. हा धंदा ओळखीवर चालतो आणि बरा चालतो. मग वेबसाइट कशाला, असं कोणी विचारलं तर त्यात काही गैर नाही. पण कोथरूडमधलं एखादं कुटुंब दरवर्षी हातगाडीवरून ‘देवगड’ म्हणून भलताच आंबा घेतं, आणि एका वर्षी वैतागून फोनवर ‘देवगड हापूस घरपोच पुणे’ असं शोधायला बसतं. त्या कुटुंबापर्यंत जाणारा ओळखीचा एकही धागा बागायतदाराकडे नसतो. साइट त्यांच्यासाठी. ओळखीच्यांना फोन पुरतो.

एवढं ठरलं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप सुटतात. सरकणारी चित्रं, ‘आमचे ध्येय आणि दृष्टिकोन’, हात जोडलेला फोटो यांतलं काहीच त्या कुटुंबाला नको असतं. बाग कुठल्या गावात आहे, पेटीत किती डझन, फळ साधारण किती ग्रॅमचं, भाव काय, कधी मिळणार, कशातून पोचणार आणि खराब निघालं तर काय, एवढंच त्यांना हवं असतं. भाव न लिहिता ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ म्हणणारी साइट मला तरी दार लोटून घेतलेल्या दुकानासारखी वाटते. भाव रोज बदलतो ही सबब खरी आहे. तर मग आजचा भाव लिहावा आणि खाली तारीख टाकावी.

पहिली खरेदी नावाची, म्हणजे डोमेनची. डॉट इन या नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आहे आणि २००५ पासून ही नावं सर्वांना सहज घेता येतात. भारतातल्या भारतात विकणाऱ्याला डॉट इन पुरेसं आहे. डॉट कॉम मिळालं तर तेही चांगलंच. २०१४ साली देवनागरीतलं डॉट भारतही आलं. ऐकायला ते छान वाटतं, पण पडद्यामागे यंत्रं त्या नावाचं रोमन अक्षरांत रूपांतर करतात आणि काही ठिकाणी ते अगम्य रूपच वाचणाऱ्यासमोर येतं. म्हणून मुख्य नाव रोमन अक्षरांतलं, आखूड आणि फोनवर एकदा सांगितलं की लिहून घेता येईल असं असावं. नावात ‘बेस्ट’, ‘ऑनलाइन’, ‘मँगो’ कोंबल्याने गूगल वर उचलेल ही समजूत सोडून द्यावी. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव पाहून हुरळून जाऊ नये, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा किती लागणार ते आधी पाहावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या पैशांनी घ्यावं. साइट करून देणारा मुलगा ‘तुम्ही काळजी करू नका, मी घेतो’ म्हणतो आणि ते प्रेमाने म्हणतो. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते, आणि ऐन एप्रिलमध्ये साइट गायब होते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी कलमं लावत नाही.

साइट कशात बांधायची हा प्रश्न लोकांना सगळ्यात मोठा वाटतो. खरं तर तो सगळ्यात लहान. २००३ साली आलेलं वर्डप्रेस आज जगातल्या सुमारे चाळीस टक्के साइट्सच्या मुळाशी आहे, त्यामुळे ते जाणणारा माणूस कणकवलीतही सापडतो. दरमहा पैसे भरून तयार साचे देणाऱ्या सेवाही आहेत. त्यात डोकेदुखी कमी आणि मोकळीकही कमी. पाच-सहा पानांच्या साइटला दोन्ही चालतं. पासवर्ड आपल्याकडे हवा, मजकुराची प्रत आपल्याकडे हवी. पत्त्याच्या सुरुवातीला कुलुपाची सोय, म्हणजे एचटीटीपीएस, हवीच. २०१८ पासून क्रोम ब्राउझर ती नसलेल्या साइटला ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो, आणि लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देत असल्याने त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर कारण विचारावं. खरेदीची टोपली, खातं उघडणं, कूपन वगैरे पसारा दोनशे पेट्या विकणाऱ्याला लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि यूपीआय यावर हंगाम निघतो.

साइट तयार झाली म्हणजे गूगलला ती कळली असं नव्हे. गूगलचा बॉट एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभर फिरत असतो. जी साइट कोणीच कुठे जोडलेली नाही, तिच्याकडे यायला त्याला वाट नसते. म्हणून सर्च कन्सोल नावाच्या गूगलच्याच मोफत साधनात साइट आपली आहे हे सिद्ध करायचं आणि साइटमॅप, म्हणजे आपल्या सगळ्या पानांची यादी, तिथे द्यायची. बॉट येतो, पान वाचतो आणि ठीक वाटलं तर त्याची नोंद आपल्या सूचीत करतो. कोणी काही शोधलं की गूगल त्या सूचीत पाहतं, त्या क्षणी अख्खं जग धुंडाळत नाही. म्हणजे सूचीत जाणं ही एक पायरी आणि सूचीतून वर येणं ही दुसरी. पहिलीच अडली असेल तर दुसरीवर पैसे खर्चून उपयोग नाही. बऱ्याच साइट्स तर पहिल्याच पायरीवर अडकलेल्या असतात. बांधकाम चालू असताना ‘शोधयंत्रांनी येऊ नये’ अशी वर्डप्रेसमधली खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते.

बॉट वाचतो तो मजकूर. इथे मराठी धंद्याची एक जुनी दुखरी नस आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट्स आपापला फॉन्ट घेऊन यायच्या. पडद्यावर ‘आंबा’ दिसायचा, पण आतमध्ये रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असायची. शोधयंत्राला ती खिचडीच दिसायची. ते दिवस गेले, सवय मात्र फ्लेक्सच्या दुकानात अजून मुक्कामाला आहे. डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये सुंदर पत्रक करतो, त्याचा जेपीजी होतो, तो जेपीजी साइटच्या पहिल्या पानावर चिकटतो, आणि भाव, डझन, फोन, गाव सगळं त्या चित्रात बंद होतं. चित्रातलं थोडंफार वाचण्याइतकी यंत्रं आज हुशार झाली आहेत, पण त्यांच्या हुशारीवर आपला हंगाम सोपवू नये. शिवाय चित्रातला फोन नंबर दाबून कॉल लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, साधा, निवडून कॉपी करता येईल असा असावा. पत्रक हवं तर खाली लावा.

आता शब्दांकडे येऊ, कारण एसइओ, म्हणजे शोधनिकालात साइट वर आणण्याची खटपट, या बागुलबुवाचा मोठा भाग शब्दांचाच आहे.

एकच आंबा मराठी माणूस तीन तऱ्हांनी शोधतो. कोणी देवनागरीत ‘हापूस आंबा’ लिहितो, कोणी तेच मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकतो, आणि कोणी सरळ ‘अल्फान्सो मँगो’ असं इंग्रजीत विचारतो. अमेरिकेत वाढलेली नात आजीसाठी पुण्यात पेटी पाठवायची म्हणते तेव्हा ती तिसऱ्या वाटेने येते. तिघांना एकाच पानावर कोंबू नये. मराठीचं एक पान, इंग्रजीचं एक पान, दोघांचे पत्ते वेगळे, आणि ही दोन एकमेकांची भाषांतरं आहेत हे गूगलला सांगणारी छोटी खूण दोन्हींच्या कोडमध्ये. रोमन लिपीतली मराठी पानाच्या पत्त्यात, फोटोच्या नावात सहज येते, तेवढी पुरे. तिचे परिच्छेद कोणी वाचत नाही. भाषांतराचं बटण लावून दिलं की इंग्रजी पान झालं असं समजू नये. बटण दाबल्यावर वाचणाऱ्याला भाषांतर दिसतं, पण गूगलच्या सूचीत नवं पान जमा होत नाही.

मग काय लिहायचं? ‘हापूस आंबा ऑनलाइन’ या शब्दांवर मोठे विक्रेते ठाण मांडून बसलेले आहेत. लहान बागायतदाराने तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही. लांब, नेमके, थोडे अडचणीचे प्रश्न मात्र मोकळे पडलेले असतात. पाच डझनाची पेटी आणि सात डझनाची पेटी यांत फळ केवढं? कच्चा आंबा घरी अढीत कसा घालायचा? फ्रीजमध्ये ठेवला तर पिकेल का? कार्बाइडचा नाही हे कसं समजायचं? हे प्रश्न बागायतदाराला हंगामात रोज फोनवर येतात आणि तो रोज तीच उत्तरं देतो. तीच उत्तरं, त्याच बोलीत, एकेका पानावर उतरवली की एसइओचं निम्मं काम झालं.

त्यातही ज्याला खरोखर माहीत आहे त्याचं पान वेगळं ओळखू येतं. साक्याचंच उदाहरण घेऊ. हापूसच्या गरात पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो तो साका. बाहेरून फळ देखणं असतं आणि कापल्याशिवाय आतलं कळत नाही. ‘आमच्या आंब्यात साका नसतोच’ असं लिहिणारा एक तर नवखा असतो किंवा लबाड. ‘साका बाहेरून दिसत नाही, निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत’ असं लिहिणाऱ्यावर कोथरूडकर विश्वास ठेवतो. कार्बाइडचंही तसंच. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र ठरलेल्या मर्यादेत, हवेत दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, चालतो. आपण भाताच्या पेंढ्यात पिकवतो की इथिलीनच्या खोलीत, ते स्पष्ट लिहावं. भौगोलिक मानांकनाचंही एक पान हवं. हापूसला २०१८ साली हे मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप वापरता येत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ज्याची ती नोंद आहे त्याने क्रमांक ठळक छापावा. आंबापोळी, आमरस किंवा कोकम आगळ विकत असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही. ई-कॉमर्ससाठी २०२० साली आलेले ग्राहक संरक्षण नियम विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार कोणाकडे करायची आणि पैसे परत करण्याच्या अटी समोर ठेवायला सांगतातच. कायद्याने मागितलेली ही माहिती गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंकाही फेडते.

प्रत्येक पानाला एक शीर्षक असतं, शोधनिकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते. किती तरी साइट्सच्या प्रत्येक पानाचं शीर्षक ‘होम’ नाही तर नुसतं बागेचं नाव असतं. ‘देवगड हापूस पेटी, पुण्यात घरपोच’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला आणि बॉटला एकाच वेळी कळतं. लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून कामाचे शब्द आधी, बागेचं नाव शेवटी. खालच्या दोन ओळींचं वर्णनही लिहून ठेवावं. गूगल ते वापरेलच असं नाही, पण वापरलं तर शब्द आपले असतील. पानाचा पत्ता मात्र रोमनमध्ये ठेवावा. देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूप घेताना नऊ अक्षरांचं होतं. ‘देवगड-हापूस’ एवढासा पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली ९१ अक्षरांची माळ होते, आणि ती पाहून आजोबा म्हणतात, हे काही तरी फसवणुकीचं दिसतंय. ‘कीवर्ड’ नावाचा जो लपलेला रकाना असतो, त्यात शंभर शब्द भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. तो रकाना आपण बघतही नाही हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलं होतं.

फोटो भरपूर हवेत, पण हलके. फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे वीस पानावर टाकले की लोकलमध्ये उभ्या माणसाचं पान उघडेपर्यंत दादर येतं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. फोटो बाराशे पिक्सेल रुंदीपर्यंत आटवून वेबपी प्रकारात ठेवला की दीड-दोनशे केबीत काम भागतं. साइट फोनवरच तपासावी, संगणकावर ती सुंदर दिसण्याचं कौतुक नको. गूगलही आता साइटची फोनवरची बाजूच प्रमाण धरतं.

नकाशाचं काय, असं कोणी तरी विचारेलच. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, आणि गावातल्या दुकानाला, खानावळीला, गॅरेजला साइटच्याही आधी ते करायला हवं. जवळचं काही शोधताना गूगल तीन गोष्टी तोलतं: विचारलेल्याशी मेळ किती, अंतर किती आणि त्या ठिकाणाचा बोलबाला किती. गोम आहे ती अंतरात. घरपोच सेवा देणाऱ्याला आपला टापू नोंदवता येतो, पण तो गाडीने साधारण दोन तासांच्या आतला असावा असा गूगलचा दंडक आहे. देवगडहून दोन तासांत गाडी कोल्हापूरलाही पोचत नाही, पुणं तर दूरच. म्हणजे नकाशा बागेत येणाऱ्या पर्यटकाला आणि शेडवर पेटी न्यायला येणाऱ्याला वाट दाखवेल, घाटापलीकडच्या गिऱ्हाइकापर्यंत त्याचा हात जात नाही. तिथे साइटच लागते. पुण्यात मावशीच्या फ्लॅटचा पत्ता देऊन दुसरं प्रोफाइल काढण्याची युक्ती काही जण करतात. पकडलं गेलं की ते बंद होतं आणि जमलेले अभिप्रायही जातात. बागेच्या नावापुढे ‘नंबर वन देवगड हापूस होलसेल’ असं शेपूट लावणंही नियमाबाहेरचं आहे.

दुसऱ्यांनी आपल्या साइटचा दुवा देणं याला एवढं महत्त्व का, याची गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू होते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६च्या सुमारास तिथे जे शोधयंत्र रचलं, त्याची कल्पना अशी की एखाद्या पानाकडे बोट दाखवणारी पानं किती आणि ती स्वतः किती वजनदार, यावरून त्या पानाची पत ठरवायची. १९९८ मध्ये त्यातून गूगल कंपनी झाली. पत मोजता येते म्हटल्यावर ती विकणारेही आलेच. दुव्यांचा बाजार इतका माजला की २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून असे दुवे लावणाऱ्या साइट्स खाली ढकलल्या. आज पतीसाठी आणखी पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण खरा दुवा अजून चालतो. तालुक्याच्या सहकारी संस्थेच्या सभासद यादीत, शेजारच्या होमस्टेच्या साइटवर किंवा बागेवर कोणी लेख लिहिला तर त्यात आपलं नाव जोडलेलं असावं. ‘पाच हजारांत पाचशे बॅकलिंक’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. ‘पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’ म्हणणाऱ्याला चहाही नको. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं.

तेच गूगल असंही सांगतं की केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षभर लागतं. आंब्याच्या धंद्यात याचा अर्थ सरळ आहे. मार्चमध्ये साइट काढणारा त्या वर्षापुरता उशिरा आला. पानं मोहराच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार हवीत. पत्त्यात साल घालू नये, नाही तर दरवर्षी नवं पान काढावं लागतं आणि जुन्याची जमलेली पत वाया जाते. हंगाम संपला की पान काढून टाकण्याची घाईही नको. त्याच पत्त्यावर ‘या वर्षीचा आंबा संपला, पुढच्या नोंदणीसाठी नाव कळवा’ एवढा बदल पुरे.

जूनमध्ये पाऊस पडला आणि बागेची धावपळ थांबली की सर्च कन्सोल उघडून निवांत बसावं. लोकांनी कोणते शब्द टंकले तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, हे सगळं तिथे असतं. सोळा महिन्यांचा हिशेब राहतो, म्हणून हा एप्रिल मागच्या एप्रिलशी ताडून पाहता येतो. पान पुष्कळदा दिसलं आणि कोणी उघडलं नाही, तर शीर्षक बदलायचं. ज्या प्रश्नावर आपण तिसऱ्या-चौथ्या पानावर पडलेलो आहोत आणि ज्याचं उत्तर साइटवर धड लिहिलेलंच नाही, तो वहीत उतरवून घ्यायचा. ‘पायरी आणि हापूस फरक’ असं कोणी विचारत असेल आणि बागेत पायरीची चार झाडं असतील, तर पुढचं पान तेच, आणि त्यासाठी लागणारे फोटो पुढच्या मे महिन्यात दोन्ही फळं शेजारी ठेवून काढायचे.